रिकाम्या काचेच्या बरण्यांचं काय करायचं? आधी झाकणं उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात छोटा फ्लॅट, ओट्याखालच्या कपाटात जॅम, कॉफी, मध, लोणची, सॉस यांच्या ढीगभर रिकाम्या काचेच्या बाटल्या. सासूबाई टाकू देत नाहीत, भंगारवाला हात लावत नाही, आणि रंगवून-चिकटवून शोभेच्या वस्तू करायला वेळही नाही, हौसही नाही. रोजच्या घरकामात खरोखर उपयोगी पडेल असं काय करता येईल?

मी लोणची, मुरंबे आणि कोरड्या चटण्या करून विकते, त्यामुळे माझा सगळा कारभारच बरण्यांवर चालतो. माझं उत्तर सासूबाईंच्या बाजूने आहे, पण निम्म्यापुरतंच. काच पिढ्यान् पिढ्या टिकते, झाकण टिकत नाही. त्यामुळे कुठली बरणी ठेवायची आणि तिच्यात काय भरायचं, हे काचेकडे न बघता झाकणाकडे बघून ठरवा.

सगळी झाकणं काढा, उलटी करा आणि उजेडात धरा. पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाला आतल्या कडेने एक मऊ थर असतो. हवाबंदपणा येतो तो त्याच्यामुळे. हा थर तेल आणि वास पिऊन घेतो. कैरीच्या लोणच्याचं झाकण कितीही घासा, त्याखाली चहापूड ठेवली तर आठवड्याने चहाला मोहरी-हिंगाचा वास येणार. थर भेगाळला असेल, कडेला तांबूस ठिपके दिसत असतील किंवा मधला भाग फुगला असेल, तर ते झाकण गेलं. बरणी राहू द्या, झाकण काढून टाका. झाकण नसलेल्या बरणीचेही उपयोग आहेत, ते पुढे येतील.

चांगल्या निघालेल्या पत्र्याच्या झाकणांना एकच अट: त्यांच्याखाली मीठ आणि आंबट नको. मिठाचं लोणचं, लिंबू, कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ, नुसतं मीठसुद्धा. झाकणाला आतून पडलेल्या बारीक चऱ्यातून खार पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि गंज धरतो. आगळ तर मिठाने आणि आंबटपणाने इतकं कडक असतं की एका पावसाळ्यात झाकणाची चाळण होते. अशा पदार्थांना प्लास्टिकचं झाकण असलेलीच बाटली घ्या. ती नसेल तर तोंडावर बटर पेपरची दुहेरी घडी ठेवून वर झाकण लावा, आणि महिन्याभराने कागद बदला.

सुटी झाकणं विकत मिळतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला पॅकिंगच्या सामानाची दुकानं आहेत. झाकणांची मापं मिलिमीटरमध्ये ठरलेली असतात. ५३, ६३, ७०, ८२ ही नेहमीची. तरी जाताना बरणी पिशवीत घालूनच न्या. फिरकीच्या दातांची ठेवण वेगळी असली तर मापाचं झाकणही बसत नाही, आणि दुकानदाराला तोंडी समजावण्यात अर्धा तास जातो.

झाकणानंतर तोंड बघा. हात आत जातो का? जात नसेल तर ती बरणी नीट घासली जाणार नाही, म्हणून तिच्यात ओलं किंवा तेलकट काही भरू नका. मग खांदा बघा. काही बाटल्या बुडापासून तोंडापर्यंत सरळ असतात, काही वर येऊन आखडतात. सरळवाली फ्रीजरला चालते, आखडलेली चालत नाही. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. सरळ बरणीत तो वर सरकतो, आखडलेल्या बरणीत खांद्याला अडून काच फोडतो. टोमॅटोची प्युरी, आंब्याचा रस, नारळाचं दूध असं काही गोठवायचं असेल तर सरळ बरणी घ्या, वर दोन बोटं जागा सोडा, आणि गोठेपर्यंत झाकण सैल ठेवा.

लेबलं काढण्यात लोक फार वेळ घालवतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवून ठेवा, कागद सुटतो. मागे चिकट डिंक राहिला तर खायचा सोडा आणि खोबरेल तेल कालवून बोटाने चोळा, पंधरा मिनिटांनी घासणीने काढा. काही लेबलांचा डिंक पाण्याला दाद देत नाही, त्यांना केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्या, सबंध सुटून येतात. आतला वास काढायला चमचाभर मोहरीची पूड आणि कोमट पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा, धुवा आणि दिवसभर उन्हात पालथी न ठेवता उताणी ठेवा. पालथी ठेवली की वाफ आतच कोंडते आणि कुबट वास येतो.

आता तापमान. घरात बरणी फुटते ती बहुतेक वेळा याच पायी. जॅम-कॉफीच्या बाटल्यांची काच साधी सोडा-चुन्याची असते. तिला हळूहळू तापलेलं चालतं, पण अचानक ४०-४५ अंशांच्या पुढचा फरक सोसत नाही, कारण उष्णता लागलेली बाजू प्रसरते आणि दुसरी बाजू तिथेच राहते. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचे प्रभाकर कंदील ज्यांनी वापरलेत त्यांना हे सांगायला नको: तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती तडकन जायची. प्रयोगशाळेतली किंवा ओव्हनमधली बोरोसिलिकेट काच उष्णतेने साधारण एक तृतीयांशच प्रसरते, म्हणून ती टिकते. तुमच्या कपाटातली बाटली त्या जातीची नाही असंच धरून चाला.

त्यामुळे उकळता पाक, कढतं तूप, फोडणीचं तेल थेट बरणीत ओतायचं नाही. बरणीत स्टीलचा चमचा ठेवून ओतायची पद्धत आहे, चमचा थोडी उष्णता घेतोही, पण त्याच्यावर विसंबू नका. पदार्थ हाताला सोसवेल इतका निवू द्या, बरणी आधी कोमट पाण्याने शेकून कोरडी करा, आणि तिच्याखाली लाकडी पाट किंवा घडी घातलेलं फडकं ठेवा. ओला कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा ओटा हा गरम बरणीचा सगळ्यात मोठा शत्रू. बूड गार, अंग गरम. तळाशी गोल चीर जाऊन बरणी हातात आणि लोणचं ओट्यावर!

ओलं किंवा टिकाऊ काही भरायचं असेल तरच बरणी उकळायची. पातेल्याच्या तळाला फडकं घाला, बरणी गार पाण्यात ठेवा आणि मग गॅस लावा. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं पुरतात. पाण्यातच थोडी निवू द्या, नंतर काढून उन्हात खडखडीत वाळवा. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायची आपल्याकडची रीत मी अजून पाळते. निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा, धूर धरायला बरणी वर पालथी धरायची, आणि धूर कोंडलेला असतानाच लोणचं भरायचं. धुरीने लोणच्याला येणारा वास दुसऱ्या कशाने येत नाही. बरणी मात्र निखाऱ्यापासून वीतभर वर धरा आणि ती पूर्ण कोरडी असू द्या.

काचेची खरी मजा उन्हातल्या पदार्थांत आहे. चिनी मातीची बरणी अंधारात मुरवायला चांगली, पण ऊन दाखवायचं तर काचच हवी. गुलकंदासाठी वासाच्या देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यांच्याच वजनाइतकी खडीसाखर, थरावर थर. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब नकोत, त्यांना वास नसतो आणि फवारणी भरपूर असते. बरणी पाऊण भरा, तोंडाला पातळ मलमलीचा दादरा बांधा आणि रोज उन्हात ठेवा. साखर विरघळून पाकळ्या काळपट-लाल आणि मऊ व्हायला तीन-चार आठवडे लागतात. मधूनमधून कोरड्या चमच्याने हलवा. कैरीचा छुंदाही असाच, किसलेली कैरी आणि साखर उन्हात, गॅस न लावता. लिंबाचं गोड लोणचंही उन्हातच छान मुरतं. दादऱ्यामुळे वाफ बाहेर जाते आणि धूळ-माशा आत येत नाहीत. संध्याकाळी बरणी आत आणताना दादरा काढून झाकण लावा, नाहीतर रात्रीचा दमटपणा आत शिरतो. तुमच्याकडे ऊन फक्त खिडकीच्या ग्रिलमध्ये येत असेल तरी पुरे, दोन आठवडे जास्त लागतील एवढंच.

याच्या उलट, काही गोष्टींना उजेड मारक असतो. लाल तिखटाचा रंग उजेडाने उडतो, हळदीचा आणि केशराचाही, आणि तेल असलेली कुठलीही चटणी उजेडात लवकर खवट होते. गॅसच्या वरच्या उघड्या फळीवर ओळीने मांडलेल्या मसाल्यांच्या काचेच्या बाटल्या फोटोत छान दिसतात, पण मसाल्यासाठी त्याहून वाईट जागा घरात नाही. खाली उष्णता, शेजारी वाफ, समोर ट्यूबलाइट. मसाले काचेतच ठेवा, पण बंद कपाटात. गडद तपकिरी काचेची बाटली मिळाली तर ती तिखटासाठी राखून ठेवा.

कोरड्या चटण्यांना छोट्या जॅमच्या बाटल्या अगदी मापाच्या. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची, तिळाची, शिवाय मेतकूट. सगळं एका मोठ्या डब्यात भरलं की रोज उघडून-झाकून तळाची चटणी सादळते. दोन-तीन लहान बाटल्यांत वाटून ठेवली तर एक वापरात आणि बाकीच्या सीलबंद. ठाण्याच्या पावसाळ्यात हा फरक जिभेला कळतो. बाटलीवर चटणीचं नाव आणि दळल्याची तारीख लिहा, झाकणावर नको, अंगावर लिहा. धुताना झाकणांची अदलाबदल हमखास होते आणि जवसाच्या डोक्यावर मेतकुटाचं नाव बसतं.

रवा, मैदा, बेसन काचेत ठेवल्याने कीड लागत नाही असं नाही. अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच आलेली असतात. मात्र कीड एका बरणीतून दुसरीकडे पसरत नाही, आणि जाळी धरायला लागली की बाहेरून दिसते. आणलेला रवा पिशवीसकट तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून पूर्ण निवळू द्या, म्हणजे पिशवी बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, आणि मगच उघडून बरणीत भरा. गार असतानाच उघडली तर हवेतलं पाणी रव्यावर बसतं आणि गुठळ्या होतात.

झाकण नसलेली रुंद तोंडाची बरणी मोड आणायला ठेवा. मटकी किंवा मूग बरणीच्या जेमतेम पाव भागापर्यंत घ्या, कारण मोड आल्यावर ते बरणी भरून टाकतात. आठ-दहा तास भिजवा, तोंडाला जाळीदार फडकं रबराने बांधा, पाणी काढा आणि बरणी भांड्याच्या रॅकमध्ये तिरकी टेकवून ठेवा. सकाळ-संध्याकाळ फडक्यातूनच पाणी घालून झटकायचं. कापडात बांधलेल्या पुरचुंडीत आत काय चाललंय ते कळत नाही, इथे दिसतं. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, थंडीत दीड दिवस धरा.

मुलं घरात असतील तर दाट साय अर्ध्या बरणीपर्यंत घालून झाकण घट्ट लावा आणि त्यांच्या हातात द्या. दहा-पंधरा मिनिटं हलवली की आतला आवाज बदलतो, आणि लोणी वेगळं, ताक वेगळं डोळ्यांसमोर होतं. साय फ्रीजमधून काढून थोडी निवळलेली हवी. फार गार असली तर हात दुखतात आणि लोणी येत नाही.

इथे दोन गोष्टी ठासून सांगते, कारण त्यांनी इजा होते.

पहिली, फसफसणारं काहीही काचेत घट्ट बंद करायचं नाही. संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साफसफाईचं आंबवलेलं पाणी, हल्ली घरोघरी करतात: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने. पहिल्या महिन्यात त्यातून इतका वायू सुटतो की बंद काचेची बाटली फुटून तुकडे भिंतीत घुसू शकतात. ते प्लास्टिकच्या बाटलीतच करा आणि सुरुवातीला रोज झाकण सैल करून वायू सोडा. तयार होऊन गाळल्यावर, फसफस पूर्ण थांबल्यावर काचेत भरायला हरकत नाही. गाजर-बिटाची कांजी काचेत करता येते, पण तोंडाला दादरा हवा, झाकण नको.

दुसरी, मटार, मका, फरसबी अशा भाज्या बरणीत भरून, पाण्यात उकळून, वर्षभर कपाटात ठेवायचे परदेशी व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. आंबटपणा कमी आणि आत हवा नाही, अशा जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. त्यांचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात, आणि तेही खास उपकरणात. गंमत अशी की त्या विषाला वासही नसतो, चवही नसते. आपल्या लोणच्यांना मीठ, लिंबू आणि आंबटपणा राखतो म्हणून ती टिकतात. कच्च्या लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणं याच कारणाने धोक्याचं. करायचंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. मटार फ्रीजरमध्येच बरे.

स्वयंपाकघराबाहेर मला सगळ्यात आवडणारा उपयोग म्हणजे फळीखाली लटकवलेल्या बरण्या. पत्र्याचं झाकण लाकडी फळीच्या खालच्या बाजूला, आतली बाजू खाली ठेवून, दोन स्क्रूंनी ठोका आणि बरणी खालून फिरवून बसवा. स्क्रू दोनच हवेत. एकाच स्क्रूवर झाकण बरणीबरोबर गरागरा फिरतं आणि उघडत नाही. खिळे, वॉशर, फ्यूजच्या तारा, बटणं, हुक, शिलाई मशीनच्या बॉबिन, सगळं काचेतून दिसतं आणि फळीवरची जागा मोकळी राहते. गंजकी झाकणंही इथे चालून जातात. फळी डोक्यावर येणारी नको, मुलांच्या खोलीत तर नकोच.

मनी प्लांट, रताळं, पुदिना पाण्यात छान वाढतात. फांदी पेराच्या खाली तिरकी कापा, एक पेर पाण्यात बुडालेलं हवं, मुळं तिथूनच फुटतात. पाण्यात पानं बुडू देऊ नका, सडतात. साध्या पाण्याच्या बरणीत डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी आठवड्यातून एकदा नुसतं भरायचं नाही, पूर्ण ओतून टाकायचं आणि बरणी आतून घासायची, कारण अंडी काचेला चिकटलेली असतात. पारदर्शक बरणीत हिरवं शेवाळ धरत असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा. पाणी भरलेली गोल बरणी कडक उन्हात पडद्याजवळ ठेवू नका, ती भिंगाचं काम करते.

दिवाळीत बाल्कनीतल्या वाऱ्यात पणत्या टिकत नाहीत, तिथे सरळ, रुंद बरण्या घ्या. तळाला दोन बोटं वाळू, वर मेणाची छोटी दिवटी. वाळूमुळे बूड तापत नाही. आखडत्या तोंडाची बाटली नको, ज्योतीची सगळी उष्णता गळ्याशी साठून ती तडकते. पाण्यावरचा दिवा त्याहून सोपा: दोन तृतीयांश पाणी, वर बोटभर गोडं तेल, त्यावर बाजारात मिळणारी तरंगती वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते. पाण्यात झेंडूच्या पाकळ्या टाकल्या तर एवढी सजावट पुष्कळ झाली.

रंग, डेकूपाज (कागदी चित्रं चिकटवणं), सुतळी गुंडाळणं यांबद्दल तुमचंच मत माझंही आहे. सुतळीत धूळ बसते, पावसाळ्यात बुरशी येते, आणि ती बरणी पुन्हा कशालाच वापरता येत नाही. कोणाला आवड असेल तर जरूर करावं, पण दहा बरण्यांची अडचण त्याने सुटत नाही.

एवढं करून सात-आठ बाटल्यांना काम मिळालं तरी खूप. उरलेल्यांतून एकाच मापाच्या चार-पाच ठेवा, शेजाऱ्यांना चटणी किंवा फराळ द्यायला लागतात आणि परत नाही आल्या तरी वाईट वाटत नाही. सासूबाईंना सांगा की उरलेल्या टाकत नाही, लोणची करणाऱ्या कुणाला तरी देतोय. घरगुती लोणची घालणाऱ्या बायका एकसारख्या, हात आत जाणाऱ्या बरण्या आनंदाने घेतात, स्वतःच्या घरच्या वापरासाठी. विकायच्या मालाला मात्र मी स्वतः नवीनच बरण्या घेते.

टाकायच्याच झाल्या तर चीर गेलेल्या आणि तोंडाला टवका उडालेल्या आधी टाका, त्यांत काहीही भरू नका. काच वितळवून पुन्हा पुन्हा काच करता येते, पण ती सुक्या कचऱ्यात वेगळी जायला हवी. फुटकी असेल तर वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळा, दोरा बांधा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचा हात कापणार नाही. पत्र्याची झाकणं काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, भंगारवाला ती लोखंडाच्या भावात घेतो.